निळ्यात पैसा, केशरीत बाकीचं

१० जानेवारी. सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा यात्रेचे पाळणे उभे राहिले होते. सकाळी नऊलाच अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा फोन आला. "ओ, हा कॉम्प्युटर आता बदलूनच टाका. उद्या जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख, अन् अक्कांना पानच उघडेना झालंय."

अक्का म्हणजे तिथल्या हिशेबनीस. रोजमेळ-खतावणीच्या काळापासून कारखान्याचा पैसा न् पैसा त्यांच्या हातून गेलेला. मी पोचलो तेव्हा त्या इन्व्हॉइस नंबर टाइप करून स्क्रीनकडं बघत बसल्या होत्या. आकडा टाकला की पाच-सहा सेकंदांनी दिसायचा. मशीन जुनं, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०.

सोलापुरात कारखान्यातला कॉम्प्युटर म्हटलं की मी आधी कॅबिनेट उघडतो. पंख्याखाली सुताचे बारीक तंतू साचून अक्षरशः गादी झाली होती. ती काढली, ब्लोअर मारला, प्रोसेसरची पेस्ट बदलली. मशीन गार पडलं, पण पान तसंच रखडत होतं. अर्धा तास गेला आणि हाती काही नाही. मालक म्हणाले, "बघा, मी सांगितलं नव्हतं? नवीनच घेऊ."

तेवढ्यात अक्का हळूच बोलल्या. "पण दादा, एक सांगू का? मालक बँक बघतात तेव्हा ह्याच मशीनवर पटकन उघडतंय. मी बसले की अडकतंय."

मालक हसले. "मी काळ्या खिडकीत उघडतो. इन्कॉग्निटो. तिथं सगळं सेफ असतंय ना."

माझं काम तिथंच झालं. मशीन तेच, इंटरनेट तेच, साइट त्याच. मग फरक कशाचा? एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम; क्रोममध्ये आपण परवानगी दिल्याशिवाय ते इन्कॉग्निटोत चालत नाहीत. मी अक्कांच्या साध्या खिडकीत शिफ्ट आणि एस्केप दाबलं. क्रोमचं स्वतःचं टास्क मॅनेजर उघडतं त्यानं. कोणता टॅब आणि कोणतं एक्स्टेंशन किती खातंय ते ओळीओळीनं दिसतं. सगळ्यात वर होतं पीडीएफ जोडून देणारं एक एक्स्टेंशन. एकही पीडीएफ उघडी नसताना प्रोसेसरचा आकडा चाळीस टक्क्यांच्या खाली येत नव्हता. त्याच्या परवानग्या उघडल्या. एकच ओळ होती: सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे.

अक्कांना ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. पाच महिन्यांपूर्वी एका पार्टीकडून आलेल्या दोन पीडीएफ जोडायच्या होत्या, म्हणून त्यांनी गूगलवर शोधलं होतं आणि आलेलं बटण दाबलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. "दादा, हे माझ्यामुळं झालं का ओ? बँकेचा पासवर्डपण ह्यातच सेव्ह आहे."

मी त्यांना सांगितलं, आणि इथंही ठामपणे लिहितो, की चूक त्यांची नव्हती. काम अडलं होतं, समोर बटण आलं, त्यांनी दाबलं. ब्राउझरचाही त्यात दोष नव्हता, त्यानं परवानगी विचारली होती. पण त्या एका ओळीचा अर्थ असा, की बँकेच्या पानावर तुम्ही काय टाइप करता तेही ते एक्स्टेंशन वाचू शकतं. हे आजवर त्या बाईंना कुणी समजावलंच नव्हतं. त्यात मीही आलो. दोन वर्षं मीच ते मशीन बघतोय.

एक्स्टेंशनच्या बाबतीत मी हात आखडता घेतो त्याला कारण आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक एक्स्टेंशन होतं. न वापरलेले टॅब झोपवून रॅम वाचवायचं, लाखो लोकांकडं होतं. मूळ मालकानं २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हवाली केलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मालवेअर ठरवून गूगलनं ते बंद केलं. वेगासाठी घरात घेतलेला पाहुणाच घातकी निघाला. चांगलं एक्स्टेंशन उद्याही चांगल्याच हातात असेल, याची हमी नसते.

ते पीडीएफवालं काढलं. मग मालकांच्या फोनवरून, म्हणजे या मशीनला हात न लावता, बँक, मेल आणि जीएसटीचे पासवर्ड बदलले. तिन्हीकडं एकच पासवर्ड होता. खात्याचे मागचे व्यवहार अक्कांनी ओळ न् ओळ तपासले. सगळं जुळलं. तेव्हा कुठं त्यांनी पाणी प्यायलं.

मालकांचा इन्कॉग्निटोचा समजही तिथंच दूर केला. ती खिडकी बंद केली की या मशीनवर इतिहास आणि कुकी (साइटनं आपल्याला ओळखायला ठेवलेल्या छोट्या नोंदी) राहत नाहीत, एवढंच. साइटला तुम्ही दिसता, इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाही कुठं गेलात ते कळतं. याच मुद्द्यावर अमेरिकेत गूगलवर दावा झाला होता. २०२४ मध्ये तडजोड करताना जुन्या नोंदी नष्ट करायला आणि सूचनेचा मजकूर स्पष्ट करायला गूगल तयार झालं.

आता ब्राउझर कोणता? मी चारही बसवून बघितले: क्रोम, एज, ब्रेव्ह, फायरफॉक्स. जीएसटी, माल पाठवायला लागणारं ई-वे बिल, बँकेचं लॉगिन, मेल आणि बातम्यांची एक साइट, हीच पाच पानं चारहींत उघडली आणि आकडे अक्कांच्या वहीच्या मागच्या पानावर मांडले. 'अमुक ब्राउझर हलका' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करावा. कामाच्या चार पानांवर फरक किरकोळ निघाला. क्रोम, एज आणि ब्रेव्ह यांचा गाभा एकच आहे, क्रोमियम; एज त्यावर २०२० मध्ये आलं. आणि रॅम सगळेच खातात, कारण आता जवळपास प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवली जाते. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची त्रुटी उघड झाली, त्यानंतर एका साइटनं दुसरीच्या मेमरीत डोकावू नये म्हणून क्रोमनं ही व्यवस्था पक्की केली. ती रॅम वाया जात नाही, ती भिंत आहे.

खरा फरक दिसला तो बातम्यांच्या पानावर. जाहिराती आणि ट्रॅकर अडवले तसा त्या टॅबचा आकडा जवळपास निम्म्यावर आला. आपल्यावर नजर ठेवणारी स्क्रिप्ट आपल्याच प्रोसेसरवर चालते, आपलंच वीजबिल वाढवते. खाजगीपणा आणि वेग हे दोन विषय आहेत असं मी पूर्वी धरून चाललो होतो. त्या वहीतल्या आकड्यांनी ते खोडलं.

म्हणून रोजच्या वापराला फायरफॉक्स दिला, त्यात जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन. हो, त्यालाही तीच 'सर्व डेटा वाचण्याची' परवानगी लागते. पण त्याचा कोड खुला आहे, वर्षानुवर्षं लोक तो तपासतायत. क्रोमनं एक्स्टेंशनचे नियम बदलल्यावर २०२५ पर्यंत तिथं ते मूळ रूपात चालायचं बंद झालं, फायरफॉक्समध्ये चालतं. शिवाय २०२२ पासून फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो. गूगलनं मात्र परक्या साइटच्या कुकी क्रोममधून काढून टाकण्याची २०२० मधली घोषणा २०२४ मध्ये मागं घेतली. फायरफॉक्सच्या मागं ना-नफा संस्था असली तरी तिचा मोठा पैसा गूगलकडूनच येतो, हेही मी मालकांना सांगितलं. ब्रेव्ह जाहिराती आपणहून अडवतो, मला आवडतो. पण त्यातली क्रिप्टो वॉलेटची बटणं अक्कांसमोर नकोत असं वाटलं.

बँक, जीएसटी, ई-वे बिल एवढ्यापुरतं एज. ते मशीनवर होतंच. त्यात एक्स्टेंशन शून्य, आणि पाठीमागं आपोआप चालू राहायची सोयही बंद. दोन्ही एकदम उघडायचे नाहीत, ४ जीबीला झेपत नाही. अक्कांनी डेस्कटॉपवरची दोन चित्रं बघितली आणि वहीत लिहिलं, 'निळ्यात पैसा, केशरीत बाकीचं.' माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा हे बरं होतं.

नवीन मशीन लागणारच आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, आणि या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. वाढीव अपडेटसाठी नोंदणी केली आणि मालकांना सांगितलं, ऑक्टोबर २०२६ च्या आत घ्या. पण आज नको, आणि अक्कांवर ठपका ठेवून तर नकोच.

साडेचारला रिटर्न गेलं. अक्कांनी पोचपावतीचा एआरएन नंबर वहीत उतरवला, खाली तारीख घातली. मी बॅग भरत होतो तर त्यांनी पदराला पुसून मोबाइल पुढं केला. "ह्याच्यातपण बघा की जरा. रोज म्हणतंय व्हायरस आलाय, मी भिऊन कुणाला दाखवलंच नाही." नोटिफिकेशनची परवानगी मिळवून बसलेल्या अनोळखी साइटची यादी उघडली. चौदा होत्या.

बाहेर पाळी सुटत होती, मागांचा खडखडाट थोडा उतरला होता. मी बॅग खाली ठेवली आणि खुर्ची परत ओढली.