ईकोच्या टपावर सोलार : दोन पॅनल पॅरललमध्ये, साधा पीडब्ल्यूएम आणि उरलेले पैसे वायरमध्ये

मंडळी, माझ्या मारुती ईको व्हॅनचं सोलारचं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. टपावर १०० वॉटची दोन पॅनल बसली, खाली १०० एएचची (अँपिअर-अवर) एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसली, पंखा आणि लाइट रात्रभर चालतायत. मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते म्हणजे कंट्रोलर, पॅनलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा, कारण जिथे बघावं तिथे एकच सल्ला मिळतो की एमपीपीटीच (पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून घेणारा महाग प्रकार) घ्या, पीडब्ल्यूएमला (साधा, स्वस्त प्रकार) हात लावू नका. मुंबईत, छोट्या सिस्टिमला, हे डोळे झाकून मान्य करायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत झालंय.

आधी खर्चाचा हिशोब, म्हणजे विजेचा. डीसी पंखा १८ वॉटचा, रात्री ९ तास, म्हणजे १६२ वॉटअवर. एलईडी पट्टी १० वॉट, ५ तास. लॅपटॉप टाइप सी कार चार्जरवरून ४५ वॉट धरून ४ तास, इन्व्हर्टर मध्ये आणायचाच नाही कारण तो नुसता चालू ठेवला तरी वीज खात बसतो. दोन फोन, आणि पाण्याचा छोटा पंप काही मिनिटं. सगळं मिळून सव्वाचारशे वॉटअवरच्या आसपास. बॅटरी १२.८ गुणिले १०० म्हणजे १२८० वॉटअवर, त्यातली ८० टक्केच वापरायची ठरवली तरी ऊन नसताना दोन रात्री आरामात निघतात. इंडक्शनचा विचार सोडूनच दिला, स्वयंपाक छोट्या गॅसवर.

आता मूळ मुद्दा. १०० वॉटचं ३६ सेलचं पॅनल कागदावर १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं, पण ते २५ डिग्री सेल तापमानाला. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टपावर दुपारी सेल ६०-६५ डिग्रीला सहज जातो, आणि सेल तापला की करंट फारसा हलत नाही, व्होल्टेज पडतं. १८ चे साडेपंधरा-सोळा होतात. पीडब्ल्यूएम काय करतो तर पॅनल सरळ बॅटरीला जोडतो, म्हणजे साडेपाच अँपिअर १३.३ व्होल्टला, ७३ वॉट. एमपीपीटी त्याच तापलेल्या पॅनलमधून ८५ च्या आसपास काढेल आणि स्वतःचं नुकसान वजा जाता ८०-८२ देईल. म्हणजे लडाखमध्ये जो फरक मोठा दिसतो तो इथे दहा-बारा टक्क्यांवर येतो, आणि तेवढ्यासाठी कंट्रोलरला कितीतरी पट पैसे मोजायचे. त्यापेक्षा पॅनलखाली दोन इंच हवा खेळायला जागा ठेवली, त्याचा उपयोग जास्त आणि खर्च शून्य.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, हे गणित फक्त ३६ सेलच्या '१२ व्होल्ट' पॅनलचं आहे. घरावर लावतात ती ३३० किंवा ५४० वॉटची मोठी पॅनल वॉटमागे स्वस्त पडतात म्हणून कोणी घेतली तर तिथे एमपीपीटीच लागतो, कारण त्यांचं व्होल्टेज ३५-४० च्या घरात असतं आणि पीडब्ल्यूएमवर निम्म्याहून जास्त वाया जाईल.

पीडब्ल्यूएम म्हटला की पॅनल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस, म्हणजे व्होल्टेज तेवढंच राहतं आणि करंटची बेरीज होते), आणि मुंबईत मला तेच हवं होतं. इथे उन्हाची कमी नाही, सावलीचा जाच आहे. सोसायटीत गाडी लावली की पाण्याच्या टाकीची सावली, रस्त्यावर लावली की गुलमोहर, समोर टॉवर. सावलीने किती फरक पडतो ते बघायला बाल्कनीतून पुठ्ठा आणला आणि क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजतो तो) लावून बघितलं. भर उन्हात दोन्ही पॅनलचे मिळून ९.६ अँपिअर येत होते. एका पॅनलच्या खालच्या कोपऱ्यावर वहीएवढा पुठ्ठा ठेवला तर ४.९. म्हणजे झाकलेलं पॅनल जवळजवळ गेलंच, अर्धे सेल बायपास झाले (पॅनलमधल्या डायोडने सावलीतले सेल वगळले) की त्याचं व्होल्टेज बॅटरीच्या खाली येतं, पण दुसऱ्याला काडीचाही फरक नाही. पुठ्ठा सरकवला की आकडा लगेच वर. हे डोळ्यांनी बघितल्यावर कॅरिअरचा पुढचा उभा बार कापून टाकला, त्याची बोटभर सावली सकाळी नेमकी पॅनलवर पडत होती.

दोन पॅनल पॅरलल असतील तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज लागत नाही, तीन झाली की लावायचा. पॅनल तिरकी करायच्या भानगडीत पडलो नाही. मुंबई १९ अंश अक्षांशावर, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सपाट पॅनलला तेव्हा अजून काय हवं. डिसेंबरात दुपारचा सूर्य साधारण ४७ अंशांवर येतो, तेव्हा पाव हिस्सा जातो, पण तेव्हा पंखाही कमी लागतो.

कंट्रोलरमध्ये वाचलेले पैसे कुठे गेले तर लोहार चाळीत. पॅरलल म्हणजे करंट दुप्पट, ११ अँपिअर, त्यामुळे टपापासून कंट्रोलरपर्यंत ६ स्क्वेअर एमएमची टिन केलेली सोलार केबल घेतली. चार मीटर जाऊन येऊन ड्रॉप ०.३ व्होल्टच्या आत राहतो, आणि पीडब्ल्यूएमवर तो सोसतो. टिन केलेलीच घ्या, कारण खाऱ्या हवेत साधं तांबं लगच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवतात तो धातूचा कान) तोंडापासून हिरवं-काळं पडत आत सरकतं. लग क्रिंप करून वर हीटश्रिंक, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि अॅल्युमिनियम फ्रेमला लागतात तिथे नायलॉनचा वॉशर. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ६३ अँपिअरचा एचआरसी (शॉर्टचा प्रचंड करंटही तोडू शकणारा) फ्यूज, त्यावर डीसी रेटिंग छापलेलं बघूनच घेतला, कारण एलएफपी शॉर्ट झाली तर हजार-दोन हजार अँपिअर ओकू शकते आणि साधा गाडीचा फ्यूज तो तोडेलच असं नाही. दुकानदार "साहेब, एमसीबी लावा की" म्हणत घरगुती एसी सप्लायची एमसीबी पुढे करतात, ती घेऊ नका. एसीचा करंट दर सायकलला शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीचा येत नाही.

स्वस्त कंट्रोलरवर 'लिथियम' लिहिलंय म्हणून विश्वास टाकू नका, मल्टीमीटर लावून बघा किती व्होल्टला थांबतो. मी १४.२ वर ठेवलाय, इक्वलायझेशन (लेड अॅसिड बॅटरीसाठी मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेलं चार्जिंग) बंद. बॅटरी पुढच्या सीटच्या मागे फरशीवर आहे, टपाजवळ अजिबात नको, बंद गाडी मे महिन्यात भट्टी होते आणि माझ्या सेलच्या डेटाशीटवर ४५ डिग्रीच्या वर चार्जिंग करू नका असं लिहिलंय. बीएमएसचा (बॅटरीचे सेल सांभाळणारं सर्किट) टेंपरेचर प्रोब सेलला चिकटवूनच घेतला.

कायद्याची बाजूही बघा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. मी पत्र्याला एकही भोक पाडलं नाही, सगळं बोल्ट काढून उतरवता येतं, पण तुमच्या आरटीओत आधी विचाराच.

राहिलंय ते पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर टपावरून फार आशा नाही, त्यामुळे अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) चार्जिंग करायचंय. एलएफपी थेट जोडली तर तिचा आतला रेझिस्टन्स कमी असल्याने ती अल्टरनेटरला पिळून काढते, तो तापतो, म्हणून मध्ये करंटला मर्यादा घालणारा २० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर. ईकोच्या इंजिनाजवळून वायर मागे कुठून आणली, ड्रायव्हर सीटखालून की बाजूच्या फूटबोर्डातून, हे ज्यांनी केलंय त्यांनी फोटोसकट सांगा. १० स्क्वेअर एमएमची वायर आणून ठेवलीय.