मारिया रॉड्रिगेझ, पण कोणती?

ह्यूस्टनमधल्या एका मोठ्या इस्पितळात मी रक्तपेढीत काम करतो. त्या दुपारी मारिया रॉड्रिगेझ या बाईंचा नमुना आला. गट निघाला ओ पॉझिटिव्ह, आणि संगणकातली जुनी नोंद सांगत होती ए पॉझिटिव्ह! नाव तेच, जन्मतारीख तीच. ओ गटाच्या माणसाला ए गटाचं रक्त चढलं तर जिवावर बेततं. मी सगळं थांबवून दुसरा नमुना मागवला. तोही ओच. तोवर ओ गटाच्या लाल पेशी पाठवल्या, त्या दोन्ही गटांना चालतात.

मग नर्सने बाईंना पूर्ण नाव विचारलं आणि उलगडा झाला. स्पॅनिश रीतीत आडनावं दोन, आधी वडिलांचं, मग आईचं. लग्नानंतरही बायका ती सहसा बदलत नाहीत. आमच्या फॉर्मवर मात्र आडनावाला एकच रकाना. आईचं आडनाव गळालं आणि एकाच तारखेला जन्मलेल्या दोन बायका एका फाइलीत जाऊन बसल्या.

हे इथे सहज घडू शकतं. रॉड्रिगेझ म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. मध्ययुगीन स्पेनमध्ये रॉड्रिगो इतके होते, की एकमेकांशी काही नातं नसलेल्या कितीतरी घरांचं हेच आडनाव झालं. २०१० च्या अमेरिकी जनगणनेत ते नवव्या क्रमांकावर होतं, जवळपास ११ लाख माणसं. गार्सिया तर सहावं. आमच्याच हॅरिस काउंटीच्या सरकारी रुग्णालयांच्या नोंदींत २,४८८ मारिया गार्सिया सापडल्या होत्या, त्यातल्या २३१ जणींची जन्मतारीखही दुसऱ्या कुणा मारिया गार्सियाशी जुळत होती.

मला हे जरा जास्तच लागतं, कारण मी वसईचा रॉड्रिग्ज. त्याच आडनावाचं हे पोर्तुगीज रूप. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती, त्या काळात बाप्तिस्म्याबरोबर ते आमच्या घरात आलं. गावात रॉड्रिग्ज ढीगभर, म्हणून आमच्याकडे नुसत्या आडनावाने कुणी कुणाला ओळखत नाही, वडिलांचं नाव मधे लागतंच. इथे तेच काम आईचं आडनाव करतं, आणि नेमकं तेच आपण खोडतो.

दुसऱ्या मारियाबाईंना बोलावून गट पुन्हा तपासला, ए पॉझिटिव्ह. फाइली वेगळ्या झाल्या. नोंदणीच्या टेबलाशी माझं भांडण मात्र चालू आहे: दोन्ही आडनावं लिहा, पूर्ण लिहा. रांग लांबली तर लांबू दे.