डॉ. लाऊन आणि 'सिंक'चं बटण

डॉ. बर्नार्ड लाऊन म्हटलं की बहुतेकांना १९८५ चं शांततेचं नोबेल आठवतं. अण्वस्त्रांविरुद्ध जगभरच्या डॉक्टरांची संघटना त्यांनी १९८० मध्ये सोव्हिएत हृदयरोगतज्ज्ञ येवगेनी चाझोव्ह यांच्यासोबत उभी केली आणि ऐन शीतयुद्धात दोघांनी मिळून तिचं अध्यक्षपद सांभाळलं; नोबेल तिलाच मिळालं. १६ फेब्रुवारी २०२१ ला लाऊन गेले, तेव्हा शंभरीला चार महिने कमी होते. नागपुरात, सरकारी मेडिकल कॉलेजात काय किंवा धंतोलीतल्या खासगी दवाखान्यांत काय, आयसीयूत काम करणाऱ्यांच्या हाताशी मात्र ते रोज असतात. डिफिब्रिलेटरवरचं, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्रावरचं, 'सिंक'चं (शॉक ठोक्याशी जुळवून घेण्याचं) बटण ही त्यांची देणगी, आणि माझ्या मते नोबेलपेक्षा मोठी.

१९५० च्या दशकात छातीवरून द्यायचा शॉक एसी विजेचा असे. त्यानं हृदयाचा स्नायू दुखावायचा आणि कधी नुसती धडधड थांबवायला जावं तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनच (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि रक्त पुढे जात नाही) सुरू व्हायचं. लाऊन यांनी अभियंता बर्कोविट्स यांच्या मदतीनं कपॅसिटरमध्ये साठवलेली डीसी वीज काही मिलिसेकंदांत सोडणारं यंत्र वापरात आणलं. (डीसीवर सोव्हिएत संघात गुर्विच यांनी आधीच काम केलं होतं, तेही सांगायला हवं.) पण खरी मेख वेळेत होती. ईसीजीतल्या टी लहरीच्या (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होतानाची लहर) शिखराजवळचे काही मिलिसेकंद घातक असतात; नेमका तेव्हा शॉक बसला तर चालतं हृदय बंद पडू शकतं. म्हणून शॉक आर लहरीला, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाला, बांधायचा. ही पद्धत १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली.

आजही चुका इथेच होतात. सिंक दाबल्यावर मॉनिटरवरच्या प्रत्येक आर लहरीवर खूण दिसते. ती उंच टी लहरीवर पडत असेल तर आधी लीड (ईसीजी ज्या कोनातून दिसतो तो) बदला. एट्रियल फिब्रिलेशनला (वरच्या कप्प्यांची थरथर) बायफेजिक यंत्रावर, म्हणजे दोन्ही दिशांनी वीज सोडणाऱ्या आजच्या यंत्रावर, आता सुरुवातच किमान २०० ज्यूलनं करतात; फ्लटरला (वरच्या कप्प्यांची जलद पण नियमित धडधड) बहुधा कमीही पुरतात. यंत्र पुढच्या आर लहरीसाठी थांबतं, म्हणून शॉकचं बटण दाबूनच ठेवायचं. लगेच सोडलं तर काहीच होत नाही आणि यंत्र बिघडलं असं वाटतं. बरीच यंत्रं एका शॉकनंतर सिंकमधून आपोआप बाहेर पडतात. दुसऱ्या शॉकआधी ते पुन्हा लावलं नाही, तर साठ वर्षांपूर्वीचा धोका परत आला. उलट, व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये सिंक चालू राहिलं तर आर लहरच नसल्यानं यंत्र वाट पाहत बसतं आणि पेशंट जातो. ऑक्सिजनचा मास्क बाजूला ठेवायचा. ठिणगीनं पेट घेतल्याची उदाहरणं आहेत.

लाऊन यांचा दुसरा जुना विषय म्हणजे डिजिटॅलिस (हृदयाचं जुनं औषध, डिजॉक्सिन त्यातलंच) आणि पोटॅशियम. नागपूरच्या मे महिन्यात तो फार कामाचा. डिजॉक्सिनवरचा म्हातारा पेशंट ४५ अंशांच्या उन्हात फिरतो, उलट्या होतात, पाणी कमी पडतं, मूत्रपिंडं मंदावतात आणि डिजॉक्सिन अंगात साचतं. सोबत लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियमही घसरतं. अशा वेळी शॉक दिला तर ठोका सुधारण्याऐवजी व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्यांची जीवघेणी धडधड) उठू शकतो. त्यामुळे जीवाला तातडीचा धोका नसेल तर आधी रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन बघा, पेशंटला मळमळ किंवा पिवळसर दिसतं का ते विचारा, मग यंत्राला हात लावा. पेशंटचं नीट ऐकून घ्या, हे तर लाऊन आयुष्यभर सांगत राहिले.

डिसेंबर १९८५ मध्ये ओस्लोत नोबेलच्या पत्रकार परिषदेतच एक सोव्हिएत पत्रकार कोसळला, तेव्हा लाऊन आणि चाझोव्ह दोघंही त्याची छाती दाबायला धावले. तो वाचला.

शॉक यशस्वी झाल्यावरची गोष्ट मात्र आपल्याकडे हमखास निसटते. एट्रियल फिब्रिलेशन ४८ तासांपेक्षा जुनं असेल तर आधी ३ आठवडे रक्त पातळ करणारं औषध हवं, किंवा घशातून केलेल्या इकोत रक्ताची गाठ नाही याची खात्री. नंतरही किमान ४ आठवडे औषध चालूच ठेवायचं, कारण ठोका नियमित झाला तरी कर्णिकेचं आकुंचन काही दिवस सुस्त राहतं आणि गाठ तेव्हाच बनते. संधिवाताच्या तापानं हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्यांना तर हे औषध थांबवताच येत नाही. त्यांना रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या नकोत. वॉरफरिन किंवा एसिट्रॉम ही जुनी औषधंच हवीत, आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी तपासणी) २ ते ३ च्या मध्ये. गडचिरोलीच्या पेशंटला घरी सोडताना पुढची आयएनआर तपासणी कुठे आणि कोणत्या तारखेला, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या.