पेटीतला स्पीकर

मंगळवार, रात्रपाळीनंतर

आमच्या नवजात अतिदक्षता विभागात चार नंबरच्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, लवकर जन्मलेल्या बाळाच्या उशाशी एक छोटा स्पीकर होता. समुद्राच्या लाटा चालू. बाबांनी मायेनंच आणलेला. तो काढून हातात दिला तेव्हा त्यांचा चेहरा पडला, आणि तेवढंच मनातून जात नाहीये. आपण त्यांच्या हातातलं होतं नव्हतं ते काढून घेतलं, असं वाटत राहतं.

पण पेटीत मुळात शांतता असते कुठे? अमेरिकी बालरोग अकादमीनं १९९७ सालीच ४५ डेसिबलच्या वर जाऊ नका म्हटलंय, आणि जुनी मोटार एकटीच ५० च्या पुढे नेते. त्यात ॲक्रिलिकच्या भिंती आवाज परतवतात. स्पीकर कानाच्या निम्म्या अंतरावर आणला की साधारण ६ डेसिबल वाढले. आपण बाहेरून ऐकतो तेव्हा तो मंदच वाटतो. मापायचंच तर माइक बाळाच्या कानाजवळ हवा, पेटीबाहेर धरलेल्या मोबाइलचा आकडा कामाचा नाही. शिवाय हे बाळ अमिकासिनवर आहे. ते औषध कानाला जड, त्यावर सततचा आवाज नको. घरी जाण्याआधी बेरा, म्हणजे कानापासून मेंदूपर्यंतच्या ऐकण्याची तपासणी, करायचीच. नुसत्या आतल्या कानाच्या तपासणीवर, ओएईवर, थांबायचं नाही.

हे सगळं त्यांना दारात उभ्याउभ्या कसं सांगणार? नुसतं ‘काढा’ म्हटलं गेलं.

शांतता राखल्याचं कुणाला दिसतही नाही. पेटीवर बाटली ठेवू नका. पेटीच्या खिडकीची कडी दाबून धरून हळू लावा, धाडकन लावलेली आत फटाक्यासारखी वाजते. श्वासाच्या नळीत साचलेलं पाणी काढा. सीपॅपचा, म्हणजे नाकातून दाबानं हवा देणाऱ्या यंत्राचा, फ्लो गरजेपेक्षा जास्त ठेवला की नाकाशीच घरघर वाढते. राउंडची चर्चा चार पावलं लांब. रोज तेच बोलायचं, आणि कडक म्हणून नाव आपलंच. मागच्या महिन्यातलं ते सव्वीस आठवड्यांतच जन्मलेलं बाळ... नको, ते आत्ता नको.

आवाजानं बाळं निवतात, हे खोटं नाही. न्यूयॉर्कच्या संगीतोपचारतज्ज्ञ लोवी बाईंचा २०१३ चा अभ्यास ११ रुग्णालयांतल्या २७२ बाळांवरचा. अंगाई चालू असताना ठोके संथ झाले, आईवडिलांनी निवडलेल्या अंगाईनं दूध पिणं सुधारलं. जिनिव्हातल्या अभ्यासात संगीतकार फोलेनवायडर यांनी खास लवकर जन्मलेल्या बाळांसाठी रचलेल्या आठ-आठ मिनिटांच्या तुकड्यांत वीणेसारख्या हार्पबरोबर चक्क आपली पुंगी आहे. पण न्यूयॉर्कला वाजवणारं माणूस समोर होतं, बाळाच्या श्वासाशी लय जुळवत. जिनिव्हात तुकडा कधी लावायचा ते बाळ जागं आहे की पेंगतंय यावर ठरे. बाळानं बोटं फाकली, कपाळाला आठी घातली, उचकी लागली, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) घसरलं, तर थांबायचं असतं. स्पीकरला थांबता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते बाबांविरुद्ध नाही.

आता जरा शांत विचार करता येतोय. काढून घेतलं तर त्या जागी काही द्यायलाही हवं, आणि द्यायला आहे. बाळ गर्भातले दिवस धरून तेहतीस आठवड्यांचं झालंय, स्थिर आहे. बाबांना कांगारूला बसवायचं, म्हणजे बाळ त्यांच्या उघड्या छातीशी धरून. पुढून उघडणारा सदरा, अंगाला अत्तर नाही, मोबाइल बाहेर. पहिली दहा मिनिटं नुसतं छातीशी, आवाज नाही. मग खालच्या पट्टीत गुणगुणायचं. कुजबुजायचं नाही, त्यातले स-श कानाला टोचतात. एकच ओळ, फार चढउतार नको, पाच मिनिटं पुरेत. सुई टोचल्यानंतर लगेच नाही. नजर बाळाच्या हातांवर आणि मॉनिटरवर. आठी दिसली की गप्प व्हायचं, पण हात काढायचा नाही. ओळ कोणती ते त्यांनी घरी ठरवावं, आजींची ओवी असेल तरी उत्तम.

सीपॅपची नळी सांभाळायला जोडीला एक सिस्टर लागेल. दुपारच्या भेटीच्या वेळेला कोण मोकळं असतं ते उद्या इन्चार्जना विचारते.