सरपंचांचे दात आणि शेवटी एकशिपी

काल संध्याकाळी सरपंचांनी, म्हणजे माझ्या पफर माशाने, रॅम्सहॉर्न गोगलगाय फोडली. मी पडवीत बसून मोदकाचं पीठ चाळत होते, लाईट गेलेली, फिल्टर बंद, त्यामुळे घरात एकदम शांतता, आणि त्या शांततेत टाकीतून "कट्" असा आवाज आला. चाळणी तिथेच टाकून धावले. शंखाचे दोन तुकडे वाळूवर पडलेले, आणि साहेब काचेला नाक लावून "पुढची कुठाय" असं बघतायत. अकरा दिवस उपाशी होता हो हा.

मागच्या वेळी लिहिलेलं की सरपंच जेवत नाहीये, बहुतेक पाण्याचा प्रॉब्लेम असेल. तो नव्हता. तेव्हा ज्यांनी ज्यांनी "आधी तोंड बघ" म्हणून सांगितलं त्यांचे आभार, आणि मी ऐकलं नाही त्याबद्दल सॉरी.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. सरपंच म्हणजे ग्रीन स्पॉटेड पफर (घाबरला की फुगतो तो मासा), आपला जीएसपी, आता साधारण तीन इंच, तीन फुटी टाकीत एकटाच. घाटावरच्या एका दुकानात "गोड्या पाण्यात मस्त राहतो" असं सांगून मला विकलेला, ते दुःख मी आधी भरपूर उगाळलंय, असो. सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा (घनतेत मोजलेला), सध्या १.०१२.

तर झालं काय, श्रावण लागल्यावर चारेक दिवसांत त्याचं खाणं मंदावलं. तिसऱ्याचा (म्हणजे शिंपलीच्या मांसाचा) तुकडा टाकला की झेप घ्यायचा, तोंडात धरायचा, आणि थुंकायचा. परत धरायचा, परत थुंकायचा. मी टेस्ट किट काढलं, अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य, नायट्रेट वीसच्या आसपास, पीएच ८, म्हणजे पाणी ठीक. मग वाटलं पावसात सारखी लाईट जातेय त्याचा स्ट्रेस असेल. मग वाटलं पोटात जंत. जंताचं औषध मागवायच्या बेतात होते. आमच्याकडे विहिरीचं पाणी जांभ्यातलं, मऊ आणि जरा आंबट, त्यामुळे मला सतत पीएचची धास्ती, फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा भरून ठेवलाय (कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तोच, धुऊन). प्रवाळाचे तुकडे घाल असं कोणीतरी सुचवलेलं, कृपया नको, प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे आणि आमच्या मालवणात तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिंपल्याचा चुरा तेच काम करतो आणि स्वस्त पडतो.

शेवटी एका रात्री मोबाईलचा टॉर्च मारून फोटो काढला आणि झूम केला. वरचे दात खालच्यांवर पोपटाच्या चोचीसारखे वळलेले. तोंड जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं उघडत होतं. खायची इच्छा आहे, समोर अन्न आहे आणि तोंडच उघडत नाहीये, म्हणजे बघा.

याच्या जुन्या शास्त्रीय नावात टेट्राओडॉन आहे, म्हणजे चार दात. वर दोन, खाली दोन, जुळून चोच झालेली, आणि ती जन्मभर वाढत राहते. खाडीत हे लोक दिवसभर शंख, कुर्ल्या, शिंपल्या फोडत फिरतात म्हणून झिजते. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी याचा अख्खा जीनोम वाचून काढला, पण दात कापायला येणार कोण? डॉक्टर तर आमच्याकडे गुरांचे आहेत, त्यांना फोन केला तर ते आधी हसले आणि मग म्हणाले बघ बाई तूच.

चूक सगळी माझी. शिमग्यापासून मी त्याला सोललेले तिसरे घालतेय. मला वाटलं लाड करतेय. बाजारातून वाटा आणायचा, रात्रभर फ्रीजरमध्ये टाकायचा म्हणजे सकाळी विळीवर पटापट उघडतात, मांस काढून छोट्या डब्यात भरून ठेवायचं. श्रावणात घरात मासे शिजत नाहीत आणि आईला फ्रीजमध्येही काही दिसायला नको असतं, म्हणून आषाढातच दोन महिन्यांचा साठा करून ठेवला होता. सोपं, स्वच्छ, आणि एक कणही कडक नाही. गोगलगायी द्यायच्या तर टबमध्ये वाढवाव्या लागतात, तो टब मेमध्ये आटला आणि मी परत भरला नाही. सहा महिने मऊ भात खाऊन दात कसे झिजणार.

आता कापाकापी. पहिला प्रयत्न पूर्ण फसला आणि तो मी लिहितेय कारण तुमच्यापैकी कोणीतरी हेच करणार आहे.

लवंगेचं तेल आणायला मेडिकलमध्ये गेले. काका म्हणाले, "दाढ दुखता काय?" म्हटलं माझी नाय, माशाची. त्यांनी पैसे घेतले आणि पुढे एक शब्द विचारला नाही. आईस्क्रीमच्या डब्यात टाकीतलंच दोन लिटर पाणी घेतलं, वर चार थेंब टाकले, ढवळलं. तेल पाण्यात मिसळलंच नाही, थेंब वेगळेच राहिले. तेल पाण्यात विरघळत नाही हे मला चौथीत शिकवलेलं आहे! सरपंच खाली बसून रागाने बघतोय, दहा मिनिटं झाली, झोपेचं नाव नाही, मग कधीतरी जरा डुलला आणि मला वाटलं झालं, म्हणून जाळीने वर उचलला.

जाळीने. पफरला. हवेत.

एका सेकंदात लिंबाएवढा टणक गोळा. पोटावरचे बारीक काटे जाळीत अडकलेले आणि पोटात पाण्याऐवजी हवा. पाणी घेऊन फुगला तर तो आपला आपण सोडून देतो, हवा आत राहिली की नेहमी बाहेर येतेच असं नाही. परत पाण्यात सोडला तर उलटा तरंगायला लागला, पोट वर, शेपूट नुसती वळवळतेय. माझे हात इतके थरथरत होते की वहिनीला हाक मारली, तिचं घरातच पार्लर आहे, ती एका बाईच्या भुवया अर्धवट सोडून आली. मी त्याला पाण्याखाली उभा धरला, तोंड वर शेपूट खाली, आणि अगदी हळू मागेपुढे हलवत राहिले. काही नाही. काही नाही. मग तोंडातून एक बुडबुडा, मग बारीक बुडबुड्यांची माळ, आणि गोळा हातातच मऊ होत गेला. ती बाई एक भुवई कोरलेली अशी दारात उभी राहून सगळं बघत होती.

त्या दिवशी पुढे काही केलं नाही. दोन दिवस त्याला टाकीचा लाईटही लावला नाही.

दुसऱ्या वेळी नीट तयारी केली. तेलाचे थेंब एका छोट्या बाटलीत, त्यात टाकीचंच कोमट केलेलं पाणी, झाकण लावून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवायचं. मग ते डब्यात थोडं थोडं, दर दोन मिनिटांनी, मासा बघत बघत. किती थेंब ते मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येक बाटलीचं तेल वेगळं असतं आणि जास्त झालं तर मासा उठतच नाही. कमीने सुरुवात करा आणि कल्ल्यांवरची नजर हलवू नका. माझा सहाव्या मिनिटाला कुशीवर कलला, कल्ले हळूहळू चालू, बोट लावलं तरी हलला नाही. शेजारी टाकीच्या साध्या पाण्याचा दुसरा डबा, त्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आधीच सुरू, बॅटरीच्या पंपावर, कारण आमच्याकडे लाईट नेमकी अशाच वेळी जाते.

हत्यार: वहिनीचा क्यूटिकल निपर (नखाभोवतीची कातडी कापायचा), नवा कोरा, तिने दिला आणि म्हणाली आता परत आणू नको. अ‍ॅक्वेरियमवाल्यांची ती लांब चिमटेवजा कात्री मी मागवलेली, महागडी, तिचं पातं बोथट, कागदही धड कापत नाही, या कामाला अजिबात घेऊ नका. निपरची टोकं निमुळती असतात, तोंडाच्या फटीत बरोबर जातात.

वहिनीने ओल्या मलमलच्या फडक्यात त्याला धरला, फक्त तोंड बाहेर. मी चष्म्यावर चष्मा लावला. पहिला कट फक्त वरच्या टोकाचा, अगदी कणभर. नख कापल्यासारखा आवाज, आणि तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा फडक्यावर. मग बाजूचा. खालच्या दोन दातांना मी हात लावला नाही, धीर झाला नाही, आणि वरचे कमी झाल्यावर फट दिसायला लागलीच होती. एका दमात वीसेक सेकंद, परत पाण्यात, परत वीस. एकूण तीन वेळा. नंतर साध्या पाण्याच्या डब्यात ठेवल्यावर पंधरा मिनिटांनी डोळे फिरवले, अर्ध्या तासात पोहायला लागला आणि पहिलं काम काय केलं तर वहिनीच्या बोटाला चावायला आला. ती कणी मी काडेपेटीत ठेवलीय, हसू नका.

आता पुढचं.

प्लॅन होता रॅम्सहॉर्नचा कारखाना. मागच्या दारी दोन टब, कोबीचं पान, पावसाचं पाणी. तो करणारच, पण लहान गोगलगायीने दात किती झिजणार याबद्दल मला शंका आहे, शिवाय खाऱ्या पाण्यात त्या फार टिकत नाहीत, त्याने लगेच नाही खाल्ल्या तर मरून पाणी खराब करतात, म्हणून एका वेळी दोनच. आणि त्या लांबुडक्या मलेशियन ट्रम्पेट देऊ नका, कवच फार कडक, दात झिजायच्या ऐवजी तुटायचे. पी पफरवाल्यांनो तुम्ही सुखी आहात, इंचभर मासा, गोडं पाणी, दात कापायची वेळ सहसा येत नाही.

तर हे सगळं मी आईला सांगत होते, आई श्रावण म्हणून लांब उभी, माशांच्या डब्याला पदरही लागू देत नाही, पण कान इकडेच. ती म्हणाली, "सगळा सोलून कित्याक घालतंस त्याका? एकशिपी घाल."

एकशिपी! आम्ही आयुष्यभर खातोय, एका शिंपीत मांस ठेवून केलेले तिसरे, आणि सहा महिने माझ्या डोक्यात आलं नाही. मांस शिंपीला धरून राहतं, ते ओरबाडायला चोच शिंपीवर घासावी लागते. आज सकाळी पहिला एकशिपी तिसरा टाकला. वीस मिनिटं त्याने ती शिंपी टाकीभर ढकलत नेली, करकर आवाज, शेवटी आतून चकचकीत साफ. एवढ्याने दातांचं भागेल असं मला वाटत नाही, मोठ्या तिसऱ्याची शिंपी त्याला फुटत नाही, पण सोललेल्या मांसापेक्षा हजारपट बरं. अगदी बारके तिसरे मिळाले तर अख्खेच, नुसती चीर पाडून देऊन बघणार आहे.

बाजारातल्या मावशीकडे बारके मागितले तर तिने कारण विचारलं, मी बावळटासारखं खरं सांगितलं. "गो बाय, केंडाक तिसरे? आमची जाळी फाडतत मेले!" केंड म्हणजे पफरच, पण तिला कसं समजावणार की हा आमचा केंड वेगळा. पण वाट्यावर मूठभर बारके वरून टाकले तिने, फुकट, बडबड करत.

आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय, नुसते तिसरे आणि कोळंबी रोज घालणं तसंही बरं नाही, बऱ्याच शिंपल्यांमध्ये आणि कोळंबीत थायमिनेज असतं, बी-१ जीवनसत्त्वाची वाट लावतं, आणि फ्रीजरमध्ये ठेवून ते जात नाही. उकडलं की जातं. मग चायना ग्रास घालून वड्या केल्या तर? तिसरे उकडून बारीक करायचे, कोळंबीची डोकी सालासकट, कुर्लीच्या नांग्या खलबत्त्यात जाडसर कुटून, वर थोडा शिंपल्यांचा चुरा, चायना ग्रासमध्ये थापायचं, गार होत आलं की व्हिटॅमिनचे थेंब. नांग्यांचे कडक तुकडे वडीत अडकलेले, म्हणजे चावावंच लागेल. बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका वेळेचा हिशोब. रॅम्सहॉर्नचा दुसरा टब मग नकोच, एकच पुरे, जागाही वाचेल. कोणी केलंय का असं? चायना ग्रास किती घट्ट ठेवता?

सॅलिनिटी वाढवायचं मात्र पुढे ढकललं. १.०१५ वर न्यायचं होतं, पण दातांचं एवढं झाल्यावर आता त्याला छळत नाही, गणपती झाले की आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त नाही अशा बेताने. आणि "तुम्ही समुद्राजवळ राहता मग मीठ विकत कशाला घेता" असं विचारणाऱ्यांसाठी: परवा जेटीवरून बाटलीभर पाणी आणून रिफ्रॅक्टोमीटरखाली (खारेपणा मोजायचं यंत्र) धरलं, १.०१८. पावसाळ्यात नद्यांचं सगळं पाणी तिथेच येतं, वर गाळ आणि डिझेल. आणि खडे मीठही नको, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण समुद्रासारखं राहिलेलं नसतं. आधीचा प्लॅस्टिकचा सुईवाला हायड्रोमीटर मी फेकून दिला, त्याच पाण्याला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं दाखवायचा, सुईला एक बुडबुडा चिकटला की खेळ खलास.

आता खरी अडचण वेगळीच आहे. टाकी पडवीत आहे आणि परवा मुंबईहून काका-काकू, आत्या, सगळी पोरं येतायत, पडवीतच झोपणार. गेल्या वर्षी कोणीतरी टाकीत चकली टाकली होती. शिवाय गणपतीच्या दिवसांत घरात तिसरे आणायचे नाहीत, हे आईने आत्ताच पुन्हा एकदा बजावलंय. म्हणजे उद्या रात्रीच्या आत वड्या करून शेजारच्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या आहेत, डब्यावर "केंडाचा खाऊ, उघडू नये" असं लिहून. चुलीवर नाही, मागच्या दारी शेगडीवर. आई म्हणते शेगडीही नंतर घासून देशील.

फोटो वड्या झाल्यावर टाकते. ती काडेपेटीतली कणी पण.