पाणी प्या, पाणी प्या

लाँग ट्रेलवर, म्हणजे अनेक दिवसांच्या पायी वाटेवर, गाइड म्हणून काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं रोज सूर्योदय बघत असेल. खरं सांगू, माझा निम्मा दिवस लोकांचे पाय बघण्यात जातो. दर दोन तासांनी बूट काढायला लावायचे, मोजे उलटे करून वाळवायचे, टाच लाल दिसली की फोड यायच्या आधीच टेप लावायचा. लाल दिसतंय तोवर पाच मिनिटांचं काम असतं, एकदा फोड फुटला की तीन दिवस लंगडणं. "थोडंसंच टोचतंय, मुक्कामाला बघू" म्हणणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, आणि ते प्रत्येक ग्रुपमध्ये असतातच.

तर नववा दिवस. कोरडा, उघडा पट्टा, सावली नाही, दोन पाणवठ्यांमध्ये १८ किलोमीटर. ग्रुपमध्ये चाळिशीच्या एक मॅडम होत्या, पाठीवरचं वजन कमी करायच्या नादाच्या. टूथब्रशची दांडी कापलेली, टेंटच्या खुंट्या मोजून आणलेल्या. १९५५ मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवूड घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून साध्या कॅनव्हासच्या बुटांत अमेरिकेतली अख्खी ॲपलाचियन ट्रेल चालल्या, हे त्या मला दिवसातून एकदा तरी सांगायच्या. चूक काही नाही त्यात, पाठीवर कमी ओझं म्हणजे गुडघ्यांना आराम, मीही तेच शिकवतो.

पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून हलकं चालणारे पाणवठ्यावरच पोट भरून पितात, बाटलीत कमी घेतात. मॅडम प्रत्येक पाणवठ्यावर दीड-दोन लिटर प्यायच्या आणि मी सगळ्यांसमोर म्हणायचो, बघा, असं प्यायचं! हे वाक्य आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुपारी त्यांचं डोकं दुखायला लागलं, मग मळमळ. ऊन एवढं, चेहरा उतरलेला, माझं निदान तयार. पाणी कमी पडतंय. मी त्यांना बसवलं आणि समोर उभं राहून आणखी एक लिटर प्यायला लावलं. अर्ध्या तासात उलटी. मग त्यांनी विचारलं, "दादा, आज कुठला मुक्काम?" मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं लक्ष त्यांच्या मनगटावर गेलं, घड्याळाचा पट्टा मांसात रुतला होता. सकाळी सैल होता, मी पाहिला होता, कारण उन्हाने चट्टा पडला म्हणून त्या तो वरखाली करत होत्या.

आमचा शेवटी चालणारा जोडीदार मागून आला. त्याला विचारलं, यांनी खाल्लं काय आज? म्हणाला, काहीच नाही, भूक नाही म्हणाल्या, आणि सकाळपासून चारदा आडोशाला गेल्या. अरे मग बोलला का नाहीस? "तूच म्हणतोस ना, वारंवार लागली आणि रंग स्वच्छ असला की सगळं ठीक." यावर काय बोलणार.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी जास्त झालं होतं, मीठ कमी. घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते फार पातळ झालं की मेंदूला सूज येते. बॅगेत खारट काही शोधलं तर खारे दाणे आणि इलेक्ट्रोलाइटच्या पुड्या मॅडमनी वजन वाचवायला तिसऱ्या दिवशीच काढून टाकल्या होत्या! शेवटी जोडीदाराकडे सूपचे क्यूब निघाले. चार क्यूब अर्ध्या कप पाण्यात कालवले, घोट घोट करून दिले, कारण त्या शुद्धीवर होत्या आणि गिळता येत होतं, नाहीतर तेही देता आलं नसतं. साधं पाणी बंद. सॅटेलाइटवरून मदत मागवली. "तहान लागली असेल बिचारीला" म्हणत ग्रुपमधला एकजण बाटली घेऊन आला तर मी त्याच्यावर ओरडलोच.

मदत यायला साडेतीन तास लागले. तोपर्यंत मी त्यांना दर दहा मिनिटांनी नाव आणि वार विचारत होतो. वार दोनदा चुकला. दवाखान्यात सोडियम १२४ निघालं, नॉर्मल १३५ ते १४५ असतं. त्या बऱ्या झाल्या. मला मेसेजही केला, थँक्यू म्हणून. त्या थँक्यूचं काय करायचं कळत नाही, तो शेवटचा एक लिटर मीच पाजला होता.

नंतर ऑफिसने घटनेचा फॉर्म पाठवला. त्यात एक चौकट होती, "सहभागी पुरेसं पाणी पीत होते का? हो / नाही". जास्त प्यायल्याची चौकटच नाही. मी हो वर टिक केली आणि खाली समासात सगळं लिहिलं, ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

पुढच्या बॅचला सकाळी सांगितलं, तहान लागेल तेवढं प्या, आणि खात राहा, खारट खा. लगेच मागून प्रश्न आला, "पण नक्की किती लिटर?" मी म्हटलं आकडा नाही. त्याने तरी वहीत काहीतरी लिहून घेतलं. वाकून बघितलं तर ५ लिटर.