मोवाडचे जुने नकाशे : काम कुठवर आलं

मोवाडचा नकाशासंच आता बऱ्यापैकी जागेवर बसला आहे. क्यूजीआयएस या संगणकी नकाशाप्रणालीत वेगवेगळ्या काळातल्या नकाशांचे थर एकमेकांवर ठेवले की नदीचं वळण वळणावर पडतं, रस्ता रस्त्यावर पडतो. टोपोशीटांचा, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या भूरूप नकाशांचा, नाद असलेल्यांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.

मोवाड नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. संत्रा-कापसाचं गाव, पण नगरपालिका १८६७ ची. ३० जुलै १९९१ च्या महापुरात जुनं गाव उद्ध्वस्त झालं, दोनशेहून जास्त माणसं गेली आणि पुढे गाव नव्या जागी वसवलं गेलं. आजच्या उपग्रहचित्रात जे मोवाड दिसतं ते जुनं मोवाड नाही. जुनं गावठाण, नदीकडे उतरणाऱ्या वाटा, शिवारातल्या पांदणी, हे सगळं १९९१ च्या आधीच्या कागदांवरच सापडतं. ते एका नकाशावर परत मांडायचं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी शीटचा हिशेब, कारण नवख्यांची गाडी इथेच अडते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत ५५ क्रमांकाचा चौकोन २० ते २४ उत्तर अक्षांश आणि ७६ ते ८० पूर्व रेखांश एवढा. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, आणि अक्षरं वरून खाली उतरतात, डावीकडून उजवीकडे नाही. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा, तेही वरून खालीच. म्हणून नागपूर शहर ५५ ओ/४ वर आणि मोवाड ५५ के/७ वर. मोवाड पडलंय शीटच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे. नरखेड शेजारच्या के/११ वर जातं. एका शीटवर काम भागत नाही. के/६, के/१० आणि के/११ च्या कडाही जोडून घ्याव्या लागल्या, आणि स्कॅन करताना आक्रसलेल्या कागदाची कड शेजारच्या कडेशी सहजी जुळत नाही. मी प्रत्येक शीट आधी तिच्या स्वतःच्या अक्षांश-रेखांशांच्या फुल्यांवर बसवते आणि मगच कडा कापते. आधी चिकटवून मग बसवलं तर एका शीटचा ताण दुसरीत शिरतो.

थर सरकण्याची दोन कारणं आहेत आणि ती वेगवेगळी धरायला हवीत. इंचाला चार मैल या मापाच्या जुन्या इंडियन ॲटलासच्या शीटांवर मद्रासच्या वेधशाळेचं त्या काळी मानलेलं रेखांश वापरलंय. ते प्रत्यक्षापेक्षा सुमारे अडीच मिनिटं जास्त होतं. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटं म्हणजे चार किलोमीटरहून अधिक. दुरुस्ती न करता शीट चढवली की मोवाड पूर्वेला, नरखेडच्या दिशेने सरकतं. नंतरच्या इंच-मैल (मैलाला एक इंच) आणि १:५०,००० शीटांवर हा घोळ नाही, पण त्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या जुन्या मानलेल्या आकारावर, आणि पॉलिकोनिक प्रक्षेपणात (गोल पृथ्वी कागदावर सपाट मांडायची एक रीत) आहेत. त्या तशाच डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे आजच्या जीपीएसची पद्धत, समजून उघडल्या तर आपल्याकडे साधारण दीडशे मीटरचा फरक पडतो. शहराच्या नकाशात तो खपून जातो. जुन्या गावठाणाच्या बाबतीत मात्र दीडशे मीटर म्हणजे नदीकाठच्या ओळीतलं घर नदीत. क्यूजीआयएसमध्ये ईपीएसजी ४१४६ (या जुन्या भारतीय पद्धतीचा संकेतांक) निवडून, रूपांतराची मूल्यं तपासून घेतली की थर जागेवर येतात.

आता ज्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ दिला ते सांगते. १:५०,००० शीटवर समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा, वीस-वीस मीटरवर असतात. नदीकाठच्या सपाट गावात नदीचं पात्र, काठ आणि अख्खं गावठाण दोन रेषांच्या मधल्या एकाच पट्ट्यात मावू शकतं. पूर येतो तेव्हा जो प्रश्न जिवाचा असतो, गाव नदीपेक्षा किती उंच, त्याचं उत्तर तपकिरी रेषा देतच नाहीत. मात्र शीटवर आणखी एक खूण असते, तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. काठाच्या उभ्या दरडीजवळ, बांधाजवळ, विहिरीजवळ बारीक आकडा आणि त्यापुढे इंग्रजी ‘आर’ अक्षर. ही सापेक्ष उंची किंवा खोली. ४ आर म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपासून चार मीटर, समुद्रसपाटीशी संबंध नाही. सर्वेक्षकाने तिथे उभं राहून ठरवलेला आकडा आहे तो. भिंग घेऊन मी वर्धेच्या दोन्ही काठांवरचे असे आकडे एकेक करून वेगळ्या थरात उतरवते आहे. जुन्या इंच-मैल शीटवर तेच आकडे फुटांत असतात, म्हणून स्तंभ दोन ठेवलेत आणि मूळ एकक पुसत नाही.

हे आकडे आणि आजचं उपग्रहीय उंचीचं प्रतिरूप (जमिनीच्या उंचीची चौकटी-चौकटींची संगणकी जाळी) एकत्र वाचायला मजा येते. तीस मीटरच्या चौकटींच्या प्रतिरूपात उंची काही मीटर मागेपुढे असतेच, आणि झाडांची शेंडीही जमीन म्हणून मोजली जाते. संत्र्याच्या बागांत तर हमखास. तरी दोन रेषांमधला कोरा पट्टा त्याने भरून निघतो. सर्वेक्षकाचे आकडे तो पट्टा कुठे खरा, कुठे खोटा ते सांगतात. माझ्या मते हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय नदीकाठच्या कुठल्याही गावाचा नकाशा पुरा धरू नये.

नदीवरून आणखी एक. जुन्या शीटांवर वर्धेच्या पात्रातून जाड तुटक सीमारेषा धावते, कारण पलीकडे वऱ्हाड. मोवाड मध्य प्रांतात, पण १९०३ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रांतात नव्हता, म्हणून मोवाड तेव्हा सरहद्दीवरचं गाव. आज पलीकडे अमरावती जिल्हा. हीच नदी धरून खाली वर्धा जिल्ह्यात गेलं की जवळच हिंगणघाट. महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर तिथेच वारला, कबरही तिथेच आहे. आपल्या छंदाची एक पायरी आपल्याच विदर्भात आहे, आणि तिकडे एकदा तरी जाऊन यावं.

अमेरिकन लष्कराच्या यू ५०२ मालिकेतलं एनएफ ४४-९ शीट, १:२,५०,००० चं, टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहातून मोफत उतरवता येतं. रस्त्यांची चौकट समजायला ठीक. मोवाड त्यावर ठिपका आहे, त्यामुळे मी त्यावर फार रेंगाळले नाही.

खरा दाणा ‘कोरोना’ नावाच्या अमेरिकन हेरगिरी उपग्रहांच्या चित्रांत निघाला. १९६० ते १९७२ मधली ही चित्रं अमेरिकेने १९९५ मध्ये खुली केली. कॅमेरा लांब पट्टा झाडत फोटो काढायचा, त्यामुळे कडेला चित्र वाकतं आणि चार कोपऱ्यांवर बसत नाही. मी पट्टी लहान कापून, भरपूर बिंदू देऊन थिन प्लेट स्प्लाइनने, म्हणजे चित्र जागोजागी ताणून बसवणाऱ्या रीतीने, बसवली. त्यात जुनं गाव दिसतं! छपरांचे पांढुरके पुंजके, मधून गेलेला रस्ता, आणि गावाबाहेर बागांची ठिपक्यांची जाळी. टोपोशीटवर सगळी वहिती जमीन एकाच पिवळ्या रंगात असते, ज्वारी काय नि कापूस काय. इथे बागा वेगळ्या काढता येतात.

त्याची मोठी छापील प्रत मोवाडच्या एका म्हाताऱ्या काकांसमोर टेबलावर पसरली. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग नदी शोधली, आणि नदीपासून बोट वर सरकवत थांबले. “हे पाय बाई, हा आमचा पाणी आणाचा रस्ता. इथून बैल उतरत.” ती रेघ मी नुसता नाला समजून निळ्या थरात ठेवायच्या बेतात होते. आता ती वाटांच्या थरात आहे, आणि सोबत त्यांनी सांगितलेल्या विहिरींच्या जागाही.

पुढे पांदणी. गावनकाशातले धुरे आणि पांदणी कोरोनाच्या चित्रांशी जुळवायच्या आहेत. शेजारच्या ज्या मौजांच्या नावापुढे ‘रिठी’ लागतं, ती ओसाड गावंही त्याच फाइलीत घ्यायची आहेत, कारण टोपोशीट त्यांच्याबद्दल सहसा काही बोलत नाही. कुणाकडे ५५ के/७ चं फूट-मापातलं इंच-मैल शीट असेल, घडीवर फाटलेलं का असेना, तर ६०० डीपीआयवर, समासासकट स्कॅन करा. सर्वेक्षणाचं वर्ष समासातच छापलेलं असतं.